तोंड येण्याआधी

"तोंड आलंय" हे आपण वर्षातून दोन-चारदा तरी म्हणतो. गालाच्या आत किंवा ओठामागे एखादा पांढरा ठिपका उठतो, तिखट लागलं की झोंबतो आणि आठवडाभरात निघून जातो. डोकं आणि मान या भागातल्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या माणसाचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जे होतं, त्यालाही घरात हाच शब्द वापरतात, कारण जवळ दुसरा शब्द नसतो. पण इथे तो फार तोकडा पडतो. गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, मऊ टाळू, घसा, जिथे जिथे किरण पोचले तिथलं अस्तर आधी लालबुंद होतं, मग सोलल्यासारखं निघतं आणि उघड्या जखमेवर पांढुरका-पिवळसर थर धरतो. स्वतःची लाळ गिळतानाही माणूस डोळे घट्ट मिटून घेतो. डॉक्टर याला ओरल म्यूकोसायटिस म्हणतात.

घरच्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच असते. दोन रुग्णांची गाठ एकाच जागी, डोस सारखा, मशीन तेच. तरी एक जण शेवटच्या दिवसापर्यंत मऊ अन्न खात राहतो आणि दुसऱ्याला चौथ्या आठवड्यात पाण्याचा घोटही नकोसा होतो. हे आधी सांगता आलं असतं का?

काही प्रमाणात सांगता येतं. ते कसं, आणि त्या सांगण्यावर किती विसंबायचं, हे या लेखात समजावून घेऊ. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: भाकीत किती अचूक आहे, यापेक्षा ते तिसऱ्या आठवड्याच्या आत हाती आलं का आणि त्यावर कुणी काही केलं का, याला मी जास्त महत्त्व देतो.

'शेक' या शब्दाने होणारा घोटाळा

रेडिएशनला बरेच जण 'शेक' म्हणतात. त्यामुळे मनात चित्र तयार होतं ते भाजण्याचं: उष्णता लागली, कातडी पोळली. प्रत्यक्षात उपचाराच्या वेळी ऊबसुद्धा जाणवत नाही. आणि भाजलं असतं तर पहिल्याच दिवशी फोड आला असता. इथे पहिले दहा-बारा दिवस तोंड जवळजवळ ठीक असतं, म्हणून रुग्ण म्हणतो, "मला काही होत नाहीये, मी सुटलो." या उशिराचं कारण कळलं की भाकिताचा अर्धा विषय कळतो.

तोंडाचं अस्तर सतत नव्याने बनत असतं. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, झिजून गळून पडतात. हा फेरा साधारण एक ते दोन आठवड्यांत पुरा होतो. रेडिएशनचा मुख्य घाव बसतो तो खालच्या, विभागणाऱ्या पेशींवर. वरचे थर आधीच तयार झालेले असतात, त्यामुळे काही दिवस सगळं शाबूत दिसतं. वरचे झिजत जातात, खालून भरपाई होत नाही, आणि एका टप्प्यावर अस्तर पातळ होऊन फाटतं. कोठारात धान्य भरायचं थांबलं तरी उपास लगेच घडत नाही, तसंच हे.

पण एवढ्याने भागत नाही. पूर्वी 'पेशी मरतात म्हणून जखम होते' इतकंच मानलं जायचं. स्टीफन सोनिस या अमेरिकन मुखरोगतज्ज्ञांनी २००४ साली पाच टप्प्यांची मांडणी पुढे ठेवली आणि आज तीच आधाराला घेतली जाते. पहिल्या टप्प्यात किरणांमुळे पेशींतल्या डीएनएला इजा होते आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. दुसऱ्यात ही इजा पेशींमधले धोक्याचे इशारे चालू करते, दाह वाढवणारी प्रथिनं तयार होऊ लागतात. तिसऱ्यात ती प्रथिनं आणखी इशारे पेटवतात, म्हणजे दाह स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. चौथ्यात अस्तर फुटतं, व्रण होतात, तोंडातले जीवाणू उघड्या जागेवर बसतात आणि दाहात भर घालतात. पाचव्यात जखम भरते. लक्षात घ्या, पहिले तीन टप्पे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. तोंड लाल दिसायला लागतं तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

आता हे दिवसांच्या हिशोबात बघू. नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे, आठवड्याचे ५ दिवस, असं चालतं. 'ग्रे' हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप. ३५ सिटिंगमध्ये ७० ग्रे, म्हणजे ७ आठवडे. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देताना डोस बहुधा ६० ते ६६ ग्रे असतो. दुसऱ्या आठवड्याअखेर २० ग्रे झालेले असतात आणि लाली दिसू लागते. तिसऱ्या आठवड्याअखेर, ३० ग्रेच्या आसपास, व्रण उघडतात. पुढे ते वाढत जातात, उपचाराच्या शेवटी सर्वांत वाईट असतात. थांबवल्यावर भरायला दोन ते चार आठवडे, केमो सोबत असेल तर पुष्कळदा त्याहून जास्त.

तेव्हा 'होईल का' हा प्रश्न तसा फारसा उरत नाही. २००३ साली ३३ अभ्यासांतल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे ८० टक्के जणांना कमी-अधिक म्यूकोसायटिस झालेला आढळला. तीव्र प्रकार मात्र नेहमीच्या रेडिएशनमध्ये ३४ टक्के, केमोसोबत ४३ टक्के आणि सिटिंगचा वेग किंवा संख्या वाढवलेल्या पद्धतींमध्ये ५६ टक्के जणांना झाला. भाकीत करायचं ते या तीव्र गटाचं: तो कुणाला, तोंडाच्या कुठल्या भागात आणि कितव्या आठवड्यात. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि भाकीत करणारी बहुतेक संगणकी मॉडेल फक्त पहिल्याचं उत्तर देतात.

एवढी घाई कशाला?

वेदना हे कारण पुरेसं आहेच. पण त्याहून गंभीर एक कारण आहे आणि ते रुग्णाच्या घरी क्वचितच कुणी नीट समजावतं. तोंड असह्य झालं की रुग्ण म्हणतो, "चार दिवस थांबूया, तोंड भरू दे, मग उरलेले घेऊ." मागणी अगदी माणसासारखी आहे. अडचण अशी की सुमारे चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्करोगाच्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. शरीर तोंडाचं अस्तर भरून काढायला जसा वेग वाढवतं, तसाच वेग गाठीतल्या पेशीही धरतात. सुट्टी दोघांनाही मिळते. डोकं-मानेच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त कमी होते, असा अंदाज आहे. आठवडाभर थांबण्याचा अर्थ काय, हे यावरून कळेल.

म्हणून तीव्र म्यूकोसायटिस हा दुष्परिणाम असूनही मूळ उपचाराच्या यशाशी जोडलेला आहे. वजन घटणं, पाणी कमी पडून भरती व्हावं लागणं, नाकातून किंवा पोटातून नळी, मॉर्फिनसारखी औषधं, आणि गोऱ्या पेशी कमी असताना उघड्या जखमेतून रक्तात जाणारा जंतुसंसर्ग, हे सगळं त्याच्यामागे येतं.

कशावरून अंदाज बांधतात

सर्वांत ठळक सूचना उपचाराच्याच कागदावर असतात. केमो सोबत आहे का? सिस्प्लॅटिनसारखं औषध अस्तराच्या पेशींनाही किरणांपुढे अधिक दुबळं करतं. आठवड्याला पाचऐवजी सहा सिटिंग आहेत का? गाठ कुठे आहे? तोंडाची पोकळी आणि त्यामागचा घशाचा भाग असेल तर धोका जास्त. स्वरयंत्रापुरता छोटा भाग असेल तर तोंड बहुतेक वाचतं.

मग माणसाकडच्या गोष्टी. तंबाखू चालू असणं, आधीच वजन कमी असणं, दात-हिरड्यांची वाईट अवस्था, कोरडं तोंड. वय आणि लिंग यांचेही उल्लेख येतात, पण त्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांवर मी फार भर देणार नाही. आनुवंशिकतेचं आकर्षण मोठं होतं: डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत बारीक फरक असतील तर एकाचं तोंड लवकर फुटेल, हे तर्काला धरून आहे. फॅन्कोनी अॅनिमियासारख्या दुर्मीळ आजारात ही दुरुस्तीच बिघडलेली असते आणि तिथे रेडिएशन खरोखर फार जड जातं. पण सर्वसाधारण रुग्णांमध्ये छोट्या अभ्यासांनी दाखवलेले बरेच जनुकीय दुवे मोठ्या अभ्यासांत टिकले नाहीत.

लाळेतली प्रथिनं, तोंडातल्या जीवाणूंची वस्ती, स्कॅनमधल्या प्रतिमेचा पोत, यांवरही काम चालू आहे. लाळेत पेशींची वाढ करणारं ईजीएफ नावाचं प्रथिन कमी असेल तर म्यूकोसायटिस जास्त, असं काही अभ्यासांत दिसलं. या गोष्टी रोजच्या वापरात यायला वेळ आहे.

डोसचा नकाशा

आता ज्या भागात मला सर्वांत जास्त रस आहे तिथे येऊ. "७० ग्रे दिले" हे वाक्य तोंडाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ७० ग्रे गाठीला मिळाले. डाव्या गालाला किती? जिभेच्या टोकाला किती? टाळूला किती? आजच्या आयएमआरटी पद्धतीत किरण अनेक दिशांनी आणि कमी-जास्त तीव्रतेने येतात, त्यामुळे दोन बोटांच्या अंतरावर डोस निम्म्यावर येऊ शकतो.

उपचाराआधी सीटी स्कॅन काढतात. त्यावर डॉक्टर गाठ आखतात आणि वाचवायचे अवयवही आखतात. मग संगणक प्रत्येक बारीक ठोकळ्याला किती डोस पोचणार याचा हिशोब करतो. त्यावरून एक आलेख निघतो: तोंडाच्या पोकळीच्या किती टक्के भागाला किमान ३० ग्रे मिळतात, किती भागाला ४५, किती भागाला ६०. भाकिताच्या मॉडेलला हा आलेख किंवा त्यातून काढलेली सरासरी भरवतात. जास्त भागाला जास्त डोस म्हणजे जास्त धोका, पण ही वाढ सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीला डोस वाढवला तरी धोका फारसा हलत नाही, मग एका पट्ट्यात झपाट्याने चढतो आणि शेवटी वर जाऊन सपाट होतो. या वक्राला एनटीसीपी म्हणतात, म्हणजे निरोगी ऊतीला इजा होण्याची संभाव्यता. वक्राच्या चढत्या भागात असलेल्या रुग्णासाठी डोस थोडा कमी केला तरी फरक पडतो. आधीच सपाट भागात पोचलेल्याला तेवढ्याने काही मिळत नाही.

ऐकायला सोपं आहे, तरी तोंडाच्या बाबतीत हे काम रखडलं. २०१० साली क्वांटेक नावाच्या मोठ्या आढाव्यात १६ अवयवांसाठी डोसच्या मर्यादा एकत्र मांडल्या गेल्या. कानापुढच्या लाळग्रंथी त्यात होत्या. तोंडाचं अस्तर नव्हतं. मला याचं मोठं कारण वाटतं ते असं: फुप्फुस किंवा मूत्रपिंड आखता येतं, त्याला कडा असते. तोंडाचं अस्तर म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा, गाल-जीभ-टाळूवर घड्या पडून पसरलेला पापुद्रा. तो सीटीवर वेगळा उठून दिसत नाही. मग कुणी पूर्ण पोकळी, जिभेच्या स्नायूंसकट, एक गोळा म्हणून आखतं. कुणी फक्त पृष्ठभागाची पट्टी आखतं. दोघांच्या 'तोंडाच्या सरासरी डोस'मध्ये फरक येतो, आणि एकाचं मॉडेल दुसऱ्याच्या आकड्यांवर चालवलं की उत्तर बिघडतं. त्यात जीभ रोज एकाच जागी राहत नाही. काही ठिकाणी तोंडात खास साचा धरायला देतात, त्याने जीभ किंवा टाळू किरणांच्या वाटेतून बाजूला राहतो आणि जागाही पक्की होते.

धातूने भरलेल्या दातांचं तर वेगळंच. धातूवर आदळून किरण मागे उडतात आणि दाताला चिकटलेल्या गालाच्या किंवा जिभेच्या पट्टीला नियोजनात न दिसलेला जादा डोस मिळतो. हा परिणाम अगदी काही मिलिमीटरपुरता असतो, म्हणून दात आणि गाल यांच्यामध्ये पातळ गार्ड ठेवला तरी तो पुष्कळ कमी होतो. दातांच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू होण्याआधी जायचं, ते केवळ किडलेले दात काढायला नाही, हे यासाठी सांगतो आहे.

मॉडेल म्हणजे नक्की काय करतं

साधं मॉडेल असं चालतं. शे-दोनशे जुन्या रुग्णांची माहिती घ्यायची: डोस, केमो, गाठीची जागा, वजन, तंबाखू, आणि शेवटी तीव्र म्यूकोसायटिस झाला की नाही. संगणक प्रत्येक घटकाला एक वजन देतो, म्हणजे तो किती महत्त्वाचा हे सांगणारा आकडा. नव्या रुग्णाचे घटक त्या वजनांनी गुणून बेरीज करायची आणि ती बेरीज ० ते १०० टक्क्यांमध्ये बसवायची. याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. मशीन लर्निंगच्या पद्धती, रँडम फॉरेस्ट असो वा न्यूरल नेटवर्क, घटकांमधले अधिक गुंतागुंतीचे संबंध धरू शकतात. पण वैद्यकीय भाकितांच्या ७१ अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा मशीन लर्निंग साध्या लॉजिस्टिक पद्धतीपेक्षा सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण समजण्यासारखं आहे. रुग्ण दीडशे आणि घटक पाचशे असले की संगणक पाठांतर करतो. त्याच रुग्णांवर तपासलं तर सगळं बरोबर, दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर फसतं. म्हणून कुणी "नव्वद टक्के अचूक" म्हटलं, तर माझा पहिला प्रश्न असतो: कुठल्या रुग्णांवर तपासलं?

दुसरा प्रश्न: मॉडेलला दिलेली माहिती कुठल्या दिवसाची होती? समजा घटकांमध्ये 'पाचव्या आठवड्यातलं वजन' किंवा 'नळी घातली का' हे आलं, तर मॉडेल हुशार दिसणारच. ज्याला नळी घातली त्याचं तोंड तोवर फुटलेलंच होतं. उत्तरपत्रिका खिशात ठेवून दिलेली परीक्षा आहे ती. अशी चूक मुद्दाम होत नाही, पण होते.

तिसरी अडचण 'तीव्र' या शब्दातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९७९ सालापासूनची पातळी ० ते ४ अशी आहे. १ म्हणजे लाली आणि हुळहुळणं, २ म्हणजे व्रण आहेत पण घन अन्न खाता येतं, ३ म्हणजे फक्त पातळ पदार्थ, ४ म्हणजे तोंडाने काहीच नाही. तीव्र म्हणजे ३ किंवा ४. पण खाता येणं हे व्रणांइतकंच वेदनेच्या औषधांवर, चव गेली आहे का यावर आणि माणसाच्या चिकाटीवर अवलंबून असतं. दुसऱ्या मोजपट्ट्या व्रणांच्या दिसण्याला महत्त्व देतात. तेच तोंड एका पट्टीवर २ आणि दुसरीवर ३. कधी कधी पांढरा थर बुरशीच्या संसर्गाचा असतो आणि म्यूकोसायटिसच्या खात्यावर लिहिला जातो. ज्या गोष्टीची नोंदच डगमगती आहे, तिचं भाकीत तिच्या नोंदीपेक्षा पक्कं कसं होणार?

मॉडेलची गुणवत्ता बहुधा एयूसी या आकड्याने सांगतात. त्याचा अर्थ असा: ज्याला तीव्र त्रास झाला असा एक रुग्ण आणि ज्याला झाला नाही असा एक, दोघांना चिठ्ठीने उचललं, तर मॉडेलने पहिल्याला जास्त धोका दिला असण्याची शक्यता किती. ०.५ म्हणजे नाणं उडवणं, १ म्हणजे कधीच न चुकणं. ०.७ म्हणजे दहा जोड्यांपैकी सातमध्ये बरोबर. उपयोगी, पण त्याच्या भरवशावर निकाल लावता येणार नाही. शिवाय एयूसी फक्त क्रम बघतं. सांगितलेले '६० टक्के' खरोखर ६० आहेत का, म्हणजे असं सांगितलेल्या शंभर जणांपैकी साठेक जणांना खरंच झालं का, हे वेगळं तपासावं लागतं. रुग्णाला मात्र हाच आकडा ऐकवला जातो, म्हणून मला ही दुसरी तपासणी जास्त मोलाची वाटते.

आकड्यावरून निर्णय

एक काल्पनिक हिशोब करू. शंभर रुग्ण आहेत, त्यातल्या ४० जणांना पुढे तीव्र त्रास होणार आहे. मॉडेल त्या ४० पैकी ३० जणांना ओळखतं, १० निसटतात. उरलेल्या ६० जणांपैकी ३६ जणांना ते बरोबर 'धोका कमी' म्हणतं, पण २४ जणांना उगाच धोक्यात टाकतं. म्हणजे धोक्याच्या यादीत ५४ नावं, त्यांपैकी खरी ३०. निम्म्याहून थोडी जास्त.

हे मॉडेल वापरावं का? उत्तर पूर्णपणे पुढच्या पावलावर अवलंबून आहे. धोक्याच्या यादीतल्यांना कमी शक्तीचा लेझर द्यायचा असेल, म्हणजे फोटोबायोमॉड्युलेशन, तर २४ जणांना विनाकारण दिला म्हणून फारसं बिघडत नाही, फक्त वेळ आणि साधनं लागतात. कर्करोगातल्या आधारउपचारांवर काम करणाऱ्या एमएएससीसी आणि आयएसओओ या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोकं-मानेच्या रेडिएशनमध्ये, केमोसह असो वा नसो, हा उपचार प्रतिबंधासाठी शिफारस केलेला आहे. आठवड्यातून दोनदा तपासणी, आहारतज्ज्ञाची भेट, वेदनेचं औषध लवकर सुरू करणं, यांनाही हेच लागू. इथे मर्यादा खाली ठेवावी, थोडाही संशय असला तरी द्यावं.

पण पुढचं पाऊल 'आधीच पोटातून नळी घालून ठेवा' असं असेल तर हिशोब फिरतो. नळी आली की गिळणं कमी होतं, गिळण्याचे स्नायू बसून राहतात आणि ते दुर्बळ झाले तर पुढे गिळण्याचा त्रास दीर्घकाळ टिकू शकतो. २४ जणांवर हे लादणं हलकी गोष्ट नाही. इथे मर्यादा वर हवी. म्हणजे एकच मॉडेल, एकच रुग्ण, एकच आकडा, तरी एका निर्णयाला तो पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही.

भाकिताचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र उपचार सुरू होण्याआधीच्या आठवड्यात होतो, रुग्णाला तो कळतही नाही. नियोजन करणारे भौतिकशास्त्रज्ञ दोन आराखडे शेजारी ठेवून बघू शकतात: गाठीचा डोस दोन्हींत तोच, पण एकात तोंडाच्या पुढच्या भागाला कमी. जिथे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी रेडिएशन देण्याचा पर्याय आहे, तिथे कुठल्या रुग्णाला त्याचा खरा फायदा होईल हेही अशा वक्रावरून तपासता येतं. गाठीला मिळणाऱ्या डोसशी तडजोड मात्र करायची नाही. तोंड वाचवताना गाठीची कड उपाशी राहिली तर सगळंच व्यर्थ.

पाण्याआधी वळण बांधावं म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू आहे. त्यातून एक पेच मात्र निघतो. भाकीत झालं, काळजी घेतली, तोंड फारसं फुटलं नाही. मग वहीत नोंद होते: मॉडेल चुकलं. पुढच्या वर्षी त्याच नोंदींवर मॉडेल पुन्हा शिकवलं तर ते शिकेल की अशा रुग्णांना धोका नसतो. म्हणून कुणाला कोणते प्रतिबंधक उपाय दिले, हे नोंदवल्याशिवाय मॉडेल ताजं करू नये.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचं

आकडा कुणी सांगो न सांगो, पहिल्या भेटीत विचारण्यासारखे प्रश्न आहेत. माझ्या तोंडाच्या किती भागाला डोस जाणार आहे? कुठल्या बाजूला जास्त? दातांची तपासणी कधी? गिळण्याचे व्यायाम कोण शिकवणार? लेझरची सोय आहे का? रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा? डॉक्टर "होईल थोडं" म्हणाले तर नम्रपणे विचारा, "माझ्या बाबतीत थोडं की बरंच?" योजना समोर असते, त्यांना याचं उत्तर देता येतं.

घरी रोजची निगा साधीच आहे आणि ती पहिल्या दिवसापासून करायची, लालीची वाट न बघता. मऊ ब्रश, मीठ किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून अनेकदा चुळा, अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको, तंबाखू पूर्ण बंद. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ म्यूकोसायटिस टाळण्यासाठी डोकं-मानेच्या रेडिएशनमध्ये वापरू नये असं वरच्याच मार्गदर्शक सूचना सुचवतात. अनेकांना हे नवल वाटतं. बेन्झिडामीन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या चुळीचा फायदा दिसला आहे, विशेषतः ५० ग्रेपेक्षा कमी डोस असताना, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारून. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वजन करा आणि लिहून ठेवा. आरशासमोर टॉर्च धरून तोंड बघा. दुसऱ्या आठवड्यातली लाली, घसरू लागलेलं वजन, मिठाचं पाणीही झोंबू लागणं, या गोष्टी त्या रुग्णापुरत्या पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा खऱ्या असतात. चांगलं मॉडेल दर आठवड्याला अशी ताजी माहिती घेऊन आपला अंदाज बदलतं. चांगली नर्सही तेच करते, आणि तिची वही संगणकाइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

शेवटचा एक मुद्दा, जो बहुतेक जण विसरतात. उपचाराचा शेवटचा दिवस हा घरात आनंदाचा दिवस असतो. सिटिंगमध्ये डोकं हलू नये म्हणून घालायचा मास्क पुन्हा बांधायचा नाही, रोज यायचं नाही. पण तोंडाच्या दृष्टीने तो जवळजवळ सर्वांत वाईट दिवस असतो. अस्तराचा साठा संपलेला, शेवटच्या सिटिंगचे घाव अजून वर दिसायचे आहेत, आणि नेमक्या त्याच दिवशी रोजची तपासणी बंद होते. पुढचे एक-दोन आठवडे त्रास तसाच राहतो किंवा वाढतो, आणि रुग्ण घरी असतो. म्हणून पुढची तारीख महिन्याभराची मिळाली तर तिथेच उभं राहून आठवड्याच्या आतली मागून घ्या, आणि वेदनेचं औषध किती दिवसांचं दिलं आहे ते मोजून बघा.